लँथॅनम हायड्रॉक्साइड: शुद्ध बनवायचं कसं आणि शुद्ध आहे हे ओळखायचं कसं

लँथॅनम ऑक्साइडची दाबून, भट्टीत भाजून घट्ट केलेली एक गोळी मी एकदा प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडीच ठेवून गेले. गोळी दगडासारखी होती, नखानं ओरखडासुद्धा उठत नव्हता. हवा दमट होती. चार दिवसांनी आले तेव्हा गोळीच्या जागी पिठाची लहानशी ढिगली होती, आणि तिला कुणीही हात लावलेला नव्हता. ऑक्साइडनं हवेतली वाफ ओढून घेतली, त्याचं हायड्रॉक्साइड झालं, आणि वाढत्या आकारमानाला जागा पुरेना म्हणून गोळी आतूनच फुटली. लँथॅनमच्या एका मोलमागे ऑक्साइड सुमारे २५ घन सेंटिमीटर जागा घेतं आणि हायड्रॉक्साइड जवळपास ४३. कळीच्या चुन्यावर पाणी शिंपडलं की तो फुलून विरतो, तसंच हे. फक्त इथे पाणी शिंपडावंही लागलं नाही.

गोष्ट इथेच थांबत नाही. झालेलं हायड्रॉक्साइड तसंच उघडं राहिलं तर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊ लागतं आणि हळूहळू हायड्रॉक्सी-कार्बोनेट होतं. ऑक्साइड पांढरं, हायड्रॉक्साइड पांढरं, हायड्रॉक्सी-कार्बोनेटही पांढरंच. तिन्ही पाण्यात जवळजवळ न विरघळणारी आणि तिन्ही आम्लात सहज विरघळणारी. कार्ल गुस्ताफ मोसांडर यांनी १८३९ मध्ये सिरियमच्या क्षारात दडलेलं हे मूलद्रव्य वेगळं काढलं, तेव्हा 'लपून राहणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्याला नाव मिळालं. त्याच्या संयुगांची लपायची खोड अजून गेलेली नाही. म्हणून या लेखात पूड बनवण्याइतकीच जागा ती ओळखण्याला दिली आहे. कृती पाळली की हायड्रॉक्साइड मिळतंच असं धरून चालणाऱ्यांची पुढची सगळी मोजमापं चुकताना मी पाहिली आहेत.

सुरुवातीआधी स्वभाव समजून घ्या

दुर्मिळ मृदा धातूंच्या रांगेत लँथॅनम पहिला. त्याचा त्रिभारित आयन या रांगेत सर्वांत मोठा: सहा शेजारी धरले तर त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर. रांगेच्या टोकाला असलेल्या ल्युटेशियमपर्यंत जाताना ती ८६ पर्यंत आक्रसत जाते. आयन मोठा असला की त्याच्यावरचा भार पसरट होतो, हायड्रॉक्साइड गटावरची पकड सैल राहते आणि आम्लारीपणा वाढतो. या धातूंच्या हायड्रॉक्साइडमध्ये लँथॅनमचं सर्वांत आम्लारीधर्मी असण्याचं कारण हेच. व्यवहारात याचे तीन परिणाम दिसतात.

पहिला, अवक्षेप उशिरा पडतो. ल्युटेशियमचं हायड्रॉक्साइड पीएच ६ च्या आसपासच दिसू लागतं, लँथॅनमचं साधारण साडेसात ते आठला. विद्राव्यता गुणाकार (संपृक्त द्रावणातल्या लँथॅनमची तीव्रता गुणिले हायड्रॉक्साइडच्या तीव्रतेचा घन) २ गुणिले दहाचा उणे एकविसावा घात धरून ०.०१ मोलर द्रावणासाठी गणित करून पाहा, उत्तर ७.८ च्या जवळ येतं. ताज्या, फुगीर अवक्षेपाची विद्राव्यता मुरलेल्या अवक्षेपापेक्षा जास्त असते, म्हणून या आकड्याला पट्टा समजा.

दुसरा, जादा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ते विरघळत नाही. ॲल्युमिनियमची सवय असलेला माणूस जास्त अल्कली घालायला बिचकतो. इथे तसं कारण नाही, उलट जास्त अल्कलीच हवी.

तिसरा परिणाम बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. हे हायड्रॉक्साइड अमोनियम क्षारांतून अमोनिया हुसकावून लावतं. अमोनियम क्लोराइडच्या गरम द्रावणात ते विरघळतं आणि अमोनियाचा वास येतो. अमोनियानं अवक्षेप पाडला तर त्या अभिक्रियेतच अमोनियमचा क्षार तयार होतो, आणि काही लँथॅनम द्रावणात अडकून राहतं. लोखंड किंवा ॲल्युमिनियमसाठी चालणारी अमोनियाची पद्धत इथे जशीच्या तशी उचलू नका.

घटकांची तयारी

क्षार म्हणून नायट्रेट घ्या. क्लोराइडही चालतं, पण सल्फेट टाळा: लँथॅनम सल्फेट गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतं, आणि सोडियम असेल तर न विरघळणारा दुहेरी सल्फेट बनून अवक्षेपातच बसतो. तो धुवून काढणं फार अवघड जातं.

पाणी ऊर्ध्वपातित हवं आणि उकळून घेतलेलं हवं. साठवणीतल्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतोच. पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळा, झाकून गार करा आणि त्याच दिवशी वापरा. एकूण लागेल त्याच्या दुप्पट उकळून ठेवा, धुण्याला अंदाजापेक्षा जास्त पाणी लागतं.

खरी चोरवाट सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांत असते. बरणी दोनदा उघडली की गोळ्यांवर कार्बोनेटची साय धरते, आणि तिच्यातला प्रत्येक कार्बोनेट आयन लँथॅनम आधी पकडतं. यावरचा जुना उपाय आजही सर्वांत चांगला आहे. वजनानं निम्मं सोडियम हायड्रॉक्साइड आणि निम्मं पाणी असं दाट द्रावण पॉलिथिनच्या बाटलीत करा. ते खूप तापतं, म्हणून बाटली गार पाण्यात धरा आणि गोळ्या थोड्या थोड्या घाला. इतक्या दाट अल्कलीत सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, दोन-तीन दिवसांत तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण पिपेटनं हलक्या हातानं काढायचं. त्याची तीव्रता सुमारे १९ मोलर असते. काचेची बाटली घेऊ नका, अल्कली काच खाते आणि सिलिकेट द्रावणात येतं.

चष्मा आणि हातमोजे याच पायरीवर चढवा. लँथॅनमची पूड त्या मानानं निरुपद्रवी आहे. डोळ्याला खरा धोका आहे तो या दाट अल्कलीचा.

अवक्षेप पाडणे

१० मिलिमोलचं माप हाताळायला सोपं पडतं. लँथॅनम नायट्रेट हेक्झाहायड्रेट ४.३३ ग्रॅम घ्या आणि उकळून गार केलेल्या १०० मिली पाण्यात विरघळवा. द्रावण पाण्यासारखं नितळ दिसलं पाहिजे. धूसर दिसलं तर गाळून घ्या, आणि त्या क्षाराच्या बाटलीबद्दल मनात शंका नोंदवून ठेवा.

अल्कलीचं द्रावण वेगळ्या प्लॅस्टिकच्या बीकरमध्ये करा: १०० मिली पाण्यात दाट अल्कली २.६ मिली, म्हणजे ५० मिलिमोल. हिशोबानं ३० मिलिमोल पुरतात. वरचे २० मुद्दाम जास्त आहेत.

आता मुख्य गोष्ट: कशात काय ओतायचं. सवयीनं माणूस क्षाराच्या द्रावणात अल्कली थेंब थेंब सोडतो. तसं केलं तर बराच वेळ बीकरमध्ये लँथॅनम भरपूर आणि हायड्रॉक्साइड अपुरं अशी स्थिती राहते. त्या वेळी पडतो तो अर्धवट अवक्षेप, ज्यात काही हायड्रॉक्साइडच्या जागी नायट्रेट बसलेलं असतं. हा आम्लारी नायट्रेट एकदा स्फटिकात अडकला की नंतर घातलेली अल्कली त्याला बाहेर काढायला बराच वेळ घेते. म्हणून उलटं करा. ढवळत्या अल्कलीत क्षाराचं द्रावण थेंब थेंब सोडा, साधारण अर्धा तास. असं केल्यानं प्रत्येक थेंब पीएच १३ च्या आसपासच्या द्रावणात पडतो आणि लँथॅनमला हायड्रॉक्साइडशिवाय पर्याय उरत नाही.

बीकरवर झाकण हवंच. नायट्रोजनची सोय असेल तर द्रावणावरून मंद धार सोडा. नसेल तर पॅराफिन फिल्म ताणून लावा आणि थेंबांच्या नळीपुरतं भोक पाडा. उघड्या बीकरमध्ये ढवळत ठेवलेली अल्कली हवेतून सतत कार्बन डायऑक्साइड ओढत असते.

पहिल्या काही थेंबांनंतर जे दिसतं ते नीट पाहा. थेंब पडतो तिथे दुधी धागा तयार होतो, ढवळण्यात तुटतो, आणि थोड्या वेळात सगळं द्रावण साबुदाण्याच्या खळीसारखं अर्धपारदर्शक होतं. ही फुगीर जेली म्हणजे खूप बारीक, अर्धवट रचलेले आणि पाण्यानं भरलेले कण. रंग शुभ्र हवा. ढवळताना हवा लागून अवक्षेप पिवळसर किंवा मातकट होऊ लागला तर क्षारात सिरियम आहे: त्याचं त्रिभारित हायड्रॉक्साइड पांढरं पडतं, पण अल्कलीत हवेनं ऑक्सिडीभूत होऊन पिवळं होतं. शुद्ध लँथॅनमला हवा रंग देत नाही.

(हीच कृती प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियमलाही चालते. पहिल्याचा अवक्षेप हिरवट, दुसऱ्याचा फिकट जांभळसर. सिरियमच्या त्रिभारित हायड्रॉक्साइडसाठी मात्र हवा पूर्ण बंद करावी लागते.)

मुरवणे

जेली लगेच गाळायला घेऊ नका. गाळणकागद बुजतो, आणि जेलीच्या पोटात अडकलेलं सोडियम व नायट्रेट धुवूनही जात नाही. अवक्षेप त्याच अल्कलीत ८० ते ९० अंश सेल्सिअसवर चार-पाच तास झाकून ठेवा. लहान कण विरघळतात, मोठ्यांवर बसतात, रचना सुधारते. खळीसारखं दिसणारं द्रावण हळूहळू चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखं जड आणि ठसठशीत पांढरं होतं. ढवळणं थांबवल्यावर अवक्षेप काही मिनिटांत खाली बसू लागला आणि वर नितळ पाणी सुटलं, की मुरला असं समजा.

दाब सहन करणारं, आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेलं पोलादी भांडं हाताशी असेल तर हाच अवक्षेप अल्कलीसह त्यात भरून १२० ते १८० अंशांवर रात्रभर ठेवा. भांडं पाऊण भागापेक्षा जास्त भरू नका, आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. या वाटेनं बारीक काड्यांसारखे स्फटिक मिळतात. काड्या का, हे रचनेत दडलेलं आहे. लँथॅनम हायड्रॉक्साइडचा स्फटिक षट्कोनी जातीचा आहे, युरेनियम ट्रायक्लोराइडच्या धाटणीचा. प्रत्येक लँथॅनमभोवती नऊ हायड्रॉक्साइड गट असतात: सहा त्रिकोणी लोलकाच्या कोपऱ्यांवर आणि तीन त्याच्या बाजूंसमोर. हे लोलक एकावर एक रचले जाऊन उभे खांब होतात, आणि स्फटिक त्या खांबांच्या दिशेनं भराभर वाढतो. आकार देणारं कुठलंही वेगळं रसायन घालावं लागत नाही. मला ही गोष्ट फार आवडते: अणूंच्या मांडणीतली दिशा सूक्ष्मदर्शकाखाली काडी होऊन समोर येते.

धुणे

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे थोडं सावकाश.

वरचं नितळ पाणी ओतून काढा, उकळून गार केलेलं ताजं पाणी घाला, ढवळा, बसू द्या. सेंट्रिफ्यूज असेल तर काम दहापट लवकर होतं. पहिली तीन धुणी सरळ जातात. चौथ्या-पाचव्या वेळी मात्र अवक्षेप खाली बसायचं नाव घेत नाही आणि पाणी दुधी राहतं. घाबरू नका, अवक्षेप विरघळलेला नाही. आतापर्यंत पाण्यातले क्षार कणांवरचे विद्युतभार झाकत होते. ते धुवून निघाले की कण एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. इतर अवक्षेपांच्या बाबतीत अशा वेळी धुण्याच्या पाण्यात थोडं अमोनियम नायट्रेट घालण्याचा सल्ला मिळतो. इथे तो पाळू नका. वर सांगितल्याप्रमाणे अमोनियम क्षार लँथॅनम हायड्रॉक्साइड विरघळवतात. त्याऐवजी पाण्यात दर लिटरला दोन-तीन थेंब अमोनियाचं द्रावण घाला, किंवा शेवटची दोन धुणी पाणी आणि एथेनॉल समसमान घेऊन करा. एथेनॉलनं कण लवकर बसतात आणि पुढे वाळतानाही खडे धरत नाहीत.

धुणं पुरं झालं हे कशावरून ठरवायचं? पीएच ७ येण्याची वाट पाहणारे दिवसभर धूत बसतात. लँथॅनम हायड्रॉक्साइड स्वतःच किंचित विरघळतं, आणि त्याच्या संपृक्त द्रावणाचा पीएच ८ ते ९ च्या दरम्यान असतो. तो त्याहून खाली आला तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड शिरला आहे. वाहकतामापक असेल तर लागोपाठच्या दोन धुण्यांची वाहकता जवळपास सारखी येईपर्यंत धुवा.

क्लोराइड क्षार वापरला असेल तर सिल्व्हर नायट्रेटची चाचणी घेता येते, पण एक खाचखळगा आहे. धुण्याच्या अल्कलीयुक्त पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी गाळ पडतो आणि सगळा घोळ होतो. आधी दोन-तीन थेंब विरल नायट्रिक आम्ल घालून पाणी आम्लधर्मी करा, मगच सिल्व्हर नायट्रेट घाला. पांढरी धूसरता आली नाही की क्लोराइड गेलं.

वाळवणे आणि ठेवणे

६० ते ८० अंशांवर निर्वात भट्टीत रात्रभर. निर्वात भट्टी नसेल तर डेसिकेटरच्या (पदार्थ कोरडा ठेवणाऱ्या घट्ट झाकणाच्या भांड्याच्या) तळाशी सिलिका जेलसोबत सोडा लाइम ठेवा, म्हणजे ओलाव्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही अडकेल. ओला अवक्षेप उघड्या हवेत पसरून वाळवणं ही सर्वांत वाईट पद्धत: ओलसर आणि बारीक कणांचं हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइड झपाट्यानं घेतं. पूर्ण कोरडी, मुरलेली पूड त्या मानानं शांत असते. ती घट्ट झाकणाच्या लहान बाटल्यांत भरा. एका मोठ्या बाटलीपेक्षा पाच लहान बऱ्या, कारण प्रत्येक उघडण्याला पूड हवा खाते.

आता वजन करा. १० मिलिमोलला १.९० ग्रॅम हायड्रॉक्साइड मिळायला हवं. धुताना थोडं जाणारच, १.७५ आलं तरी छान. पण २.१० ग्रॅम भरलं तर आनंद मानू नका. तेवढ्याच लँथॅनमचं पूर्ण हायड्रॉक्सी-कार्बोनेट झालं असतं तर वजन २.१६ ग्रॅम आलं असतं.

दुसरी वाट: ऑक्साइडपासून

सोडियम आणि नायट्रेटचा मागमूसही नको असेल तर ऑक्साइडला सरळ पाणी पाजा. बाजारातून आलेल्या ऑक्साइडवर मात्र विश्वास ठेवू नका. बाटली कितीदा उघडली गेली, कोण जाणे. आधी मुशीत ९०० अंशांवर तीन-चार तास भाजा, डेसिकेटरमध्ये गार करा आणि लगेच वजन घ्या. मग हे ऑक्साइड उकळून गार केलेल्या पाण्यात थोडं थोडं टाका. ऑक्साइडवर पाणी ओतू नका, उष्णता एका जागी साठते आणि पूड उडते. झाकून ८० अंशांवर रात्रभर ढवळत ठेवा. १ ग्रॅम ऑक्साइडचं १.१६६ ग्रॅम हायड्रॉक्साइड होतं. फार जास्त तापमानावर भाजलेल्या ऑक्साइडचे कण मोठे आणि दाट असतात, त्यांना पाणी प्यायला वेळ लागतो.

ज्यांना हायड्रॉक्साइड नकोच आहे, फक्त ऑक्साइड तोलून दुसरं काही बनवायचं आहे, त्यांनाही हे भाजणं चुकत नाही. बेडनॉर्त्स आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये दाखवलेल्या अतिवाहकासारखी लँथॅनम-तांबे ऑक्साइडं बनवताना मूलद्रव्यांचं प्रमाण काटेकोर लागतं. १ ग्रॅम ऑक्साइडमध्ये लँथॅनम ०.८५३ ग्रॅम असतं आणि हायड्रॉक्साइडमध्ये ०.७३१. न भाजता तोललेल्या पुडीचं पूर्ण हायड्रॉक्साइड झालेलं असेल तर लँथॅनम १४ टक्क्यांनी कमी पडतं, आणि तराजूवर काहीच चुकलेलं दिसत नाही.

नेमकं काय बनलं, ते ओळखणे

सगळ्यात सोपी चाचणी आधी. काचपट्टीवर चिमूटभर पूड घ्या, पाण्याचा थेंब टाकून ओली करा म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल, मग विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब बाजूनं सोडा आणि भिंगातून पाहा. शुद्ध हायड्रॉक्साइड मुकाट्यानं विरघळतं. कार्बोनेट असेल तर कणांच्या कडेनं मोहरीहून बारीक बुडबुडे सुटतात. पूड ओली केल्याशिवाय ही चाचणी करू नका, अडकलेल्या हवेचे बुडबुडे फसवतात.

दुसरी चाचणी भट्टीची. तापवल्यावर हायड्रॉक्साइड दोन टप्प्यांत पाणी सोडतं. साधारण ३०० ते ४०० अंशांदरम्यान एक रेणू जातो आणि ऑक्सिहायड्रॉक्साइड उरतं, वजन ९.५ टक्के घटतं. त्यापुढे ५०० च्या आसपास उरलेलं पाणी जाऊन ऑक्साइड होतं, आणखी ४.७ टक्के घट. एकूण १४.२ टक्के. म्हणजे ०.५०० ग्रॅमची पूड ९०० अंशांनंतर ०.४२९ ग्रॅम भरली पाहिजे. तापवत तापवत वजन नोंदवणारं यंत्र नसेल तर तीन थांबे घ्या: ११० अंशांवर वरवरचा ओलावा काढा, ६०० वर दोन तास ठेवून तोला, मग ९०० वर ठेवून पुन्हा तोला. ६०० ते ९०० च्या दरम्यान जे वजन जातं ते बहुतेक कार्बोनेटचं, कारण ऑक्सिकार्बोनेट त्याच पट्ट्यात फुटतं. दर वेळी मूस डेसिकेटरमध्ये गार करा. तोलताना आकडा हळूहळू वर सरकत असेल तर ऑक्साइड तुमच्या डोळ्यांदेखत हवेतून पाणी पीत आहे.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती ईडीटीएची (धातूच्या आयनाला एकास एक घट्ट पकडणाऱ्या रसायनाची) टायट्रेशन, कारण तिच्यातून तिन्ही पुडी वेगळ्या उमगतात. नेमकी ४० मिलिग्रॅम पूड थोड्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, पाण्यानं १०० मिली करा, हेक्झामीन घालून पीएच ५.५ च्या जवळ आणा, झायलेनॉल ऑरेंज या रंगदर्शकाचे दोन थेंब टाका. द्रावण लालसर जांभळं होतं. ०.०१ मोलर ईडीटीए ब्युरेटमधून सोडत जा. शेवटच्या अर्ध्या मिलीत रंग आधी केशरी होतो आणि मग एका थेंबात स्वच्छ लिंबाच्या सालीसारखा पिवळा. तिथे थांबा. पूड शुद्ध हायड्रॉक्साइड असेल तर २१.१ मिली लागतात, ऑक्साइड असेल तर २४.६, पूर्ण हायड्रॉक्सी-कार्बोनेट असेल तर १८.५. आकडा मधलाच आला तर मिश्रण आहे. भट्टीच्या आकड्यांशी ताडून पाहिलं की मिश्रण कशाकशाचं, तेही कळतं.

उपकरणं असलेल्यांसाठी: अवरक्त वर्णपटात ३६१० प्रति सेंटिमीटरजवळ उंच, टोकदार शिखर हे हायड्रॉक्साइडचं. १४०० ते १५०० मधला रुंद पट्टा कार्बोनेटचा, आणि तो थोडा तरी बहुधा दिसतोच. एक्स-रे विवर्तनात तांब्याच्या किरणांनी १५.७, २७.३, २८.० आणि ३९.५ अंशांच्या रेषा हायड्रॉक्साइडच्या. ऑक्साइडच्या ठळक रेषा २९ आणि ३० अंशांच्या जवळ असतात. एक्स-रेवर एकट्यावर विसंबू नका, विस्कळीत रचनेचं कार्बोनेट तिथे रेषा न उमटवता लपून राहतं.

फॉस्फेटशी नातं

या हायड्रॉक्साइडचा सर्वांत मोलाचा गुण म्हणजे पाण्यातलं फॉस्फेट पकडणं. तलावात फॉस्फरस वाढला की शेवाळ माजतं, आणि तिथे लँथॅनमयुक्त पदार्थ वापरले जातात. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेनं १९९० च्या दशकात बेंटोनाइट मातीत लँथॅनम बसवून असाच एक पदार्थ तयार केला. हायड्रॉक्साइडवर फॉस्फेट आलं की लँथॅनम फॉस्फेट बनतं आणि हायड्रॉक्साइड आयन पाण्यात सुटतात. एका लँथॅनमला एक फॉस्फरस, म्हणजे १ ग्रॅम फॉस्फरससाठी कागदोपत्री ६.१३ ग्रॅम हायड्रॉक्साइड. प्रत्यक्षात जास्त लागतं, कारण कणाच्या पृष्ठभागावर फॉस्फेटचा थर बसला की आतलं लँथॅनम झाकलं जातं. म्हणूनच बारीक काड्या जाडसर पुडीपेक्षा चांगलं काम करतात. पीएच ७ च्या खाली पकड उत्तम असते, ९ च्या वर ती ढिली पडत जाते.

ढिली का पडते, याचं ढोबळ गणित मांडण्यासारखं आहे. लँथॅनम फॉस्फेटचा विद्राव्यता गुणाकार दहाचा उणे पंचविसावा घात धरू. हायड्रॉक्साइडच्या गुणाकाराला त्यानं भागलं तर २०,००० येतात. समतोलात हायड्रॉक्साइड आयनांच्या तीव्रतेचा घन भागिले फॉस्फेटची तीव्रता एवढी असते. पीएच ९ ला हे मांडलं तर द्रावणात उरणारं फॉस्फेट नगण्य निघतं. म्हणजे समतोल अजून फॉस्फेट पकडण्याच्याच बाजूला असतो. ढिलाई येते ती कणांच्या पृष्ठभागावर: तिथे ऋणभार वाढतो आणि हायड्रॉक्साइड आयन फॉस्फेटशी जागेसाठी झगडतात. आता हायड्रॉक्साइड १० मोलर करा: घन होतो १,०००, आणि द्रावणात फॉस्फेट ०.०५ मोलरपर्यंत राहू शकतं. तापमान आणि अल्कली आणखी वाढवली की अभिक्रिया उलटी धावते. मोनाझाइट या फॉस्फेट खनिजातून दुर्मिळ मृदा धातू काढण्याच्या अल्कली पद्धतीत हेच करतात: खनिज बारीक दळून दाट सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सुमारे १४० अंशांवर शिजवतात, फॉस्फेट सोडियमबरोबर पाण्यात जातं आणि धातूंची हायड्रॉक्साइडं मागे उरतात. तलावात घडतं त्याच्या नेमकं विरुद्ध.

उरलेल्याचं काय करायचं

धुण्याचं पहिलं पाणी, टायट्रेशनची द्रावणं, फसलेले अवक्षेप यांपैकी काहीही मोरीत ओतू नका. पाण्यातल्या बारीक जिवांना विरघळलेलं लँथॅनम बाधतं. सगळं एका बरणीत जमवा. टायट्रेशनची द्रावणं मात्र वेगळ्या बरणीत ठेवा, ईडीटीए लँथॅनम सोडत नाही. पहिली बरणी विरल आम्लानं नितळ करून घ्या आणि गरम असताना ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण घाला. लँथॅनम ऑक्झॅलेट विरल आम्लातही विरघळत नाही, जड पांढरा गाळ होऊन बसतो आणि सुरेख गाळला जातो. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, हातमोजे काढू नका. गाळ धुवून, वाळवून ९०० अंशांवर भाजला की ऑक्साइड परत मिळतं. मूस गार झाली की लगेच बाटलीत भरा आणि बाटलीवर भाजल्याची तारीख घाला. महिन्याभरानं तीच बाटली उघडाल तेव्हा पूड पुन्हा भाजूनच तोला.